“बरी झाली” म्हणून घरी आलेल्या बाईचं वर्ष : सेप्सिसनंतरचं एक प्रकरण

(नावं, वय आणि काही तपशील बदलले आहेत. कुटुंबाने हे लिहायला परवानगी दिली आहे.)

पार्श्वभूमी

मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात गेली अठरा वर्षं दवाखाना चालवतो. आमच्याकडे द्राक्षबागा, त्यामुळे रुग्णांचं येणं-न येणंही बागेच्या वेळापत्रकावर ठरतं. छाटणी, विरळणी, डिपिंग (द्राक्षाचे घड औषधात बुडवणं) चालू असलं की ताप अंगावर काढायचा आणि माल गेला की सगळी दुखणी एकदम दवाखान्यात आणायची. हे प्रकरण समजायला एवढं माहीत हवं, कारण यातले निम्मे निर्णय बागेने घेतलेत.

सुमनताई ४९ वर्षांच्या. आठ वर्षांपासून शुगर, त्यासाठी दोन प्रकारच्या गोळ्या. घरात नवरा आनंदराव, सासूबाई, मुलगा विशाल. मुलगी अश्विनी लग्न होऊन कराडला. अडीच एकर द्राक्ष, दोन म्हशी. सुमनताई बागेत राबायच्या, धारा काढायच्या, शिवाय गावातल्या बचत गटाच्या सचिव होत्या. चौदा बायकांचे हप्ते आणि व्याज त्यांच्या तोंडावर असायचं. वही नंतर भरायच्या, आकडा आधी सांगायच्या.

काय घडलं

गौरी-गणपतीच्या दिवसांत डाव्या कुशीत कळा सुरू झाल्या. मुतखड्याचा त्रास त्यांना पूर्वीही झाला होता. घरात सण, पाहुणे, गौरीचं जेवण. दोन दिवस गावातच दुखण्याची इंजेक्शनं घेऊन काढले. (माझ्याकडे नाही, पण माझ्याकडे आल्या असत्या तर मीही पहिल्या दिवशी तेच दिलं असतं.) तिसऱ्या रात्री हुडहुडी भरून ताप आला. पहाटे त्या असंबद्ध बोलू लागल्या. विशालने गाडी करून मिरजेला नेलं तेव्हा रक्तदाब ८० च्या खाली होता आणि लघवी जवळपास बंद.

खडा मूत्रवाहिनीत अडकला होता आणि वर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले होते. त्याच दिवशी तातडीने आतून नळी, म्हणजे डीजे स्टेंट, टाकून तुंबारा मोकळा केला. तरी रक्तदाब धरून ठेवायला शिरेतून सतत औषध सोडावं लागलं, पाच दिवस व्हेंटिलेटर लागला, दोनदा डायलिसिस झालं. आयसीयूत नऊ दिवस, वॉर्डात आठ. सतराव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा वजन ६१ वरून ५३ किलोवर आलं होतं आणि क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढलेला म्हणजे मूत्रपिंड मंद) १.८ होतं.

नंतर एकदा आनंदरावांनी मला विचारलं, “जंतू मेले म्हणाले ना, मग अजून ही अशी का?” २०१६ च्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे नुसता जंतुसंसर्ग नव्हे, तर संसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद, ज्यात शरीराचेच अवयव निकामी व्हायला लागतात. त्यांना हे बागेच्या भाषेत लगेच कळलं. भुरीवर (वेलीवरच्या बुरशीच्या रोगावर) मारलेल्या औषधाची मात्रा जास्त झाली तर भुरी जाते, पण पानंही करपतात. करपलेल्या पानांच्या जागी नवी फूट यायला हंगाम लागतो.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या वेळी सगळ्यांनी ऐकलं ते एकच वाक्य : “पेशंट बरा झाला, आता घरी न्या.” त्यानंतर जवळपास तीन आठवडे माझ्यापर्यंत कुणी आलं नाही, कारण ऑक्टोबर छाटणी सुरू झाली होती.

दसऱ्यानंतर विशाल त्यांना घेऊन आला. दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर त्या बसल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, समदी म्हंत्यात बरी झालीया. पर माझ्या अंगात जीवच न्हाई.”

तक्रारींची यादी लांब होती. उभं राहिलं की मांड्या थरथरतात. तळपाय बधिर. केस मूठमूठ गळतायत. आवाज घोगरा. जेवणाला चव नाही. रात्री झोप नाही, दिवसा गुंगी. आणि सगळ्यात शेवटी, खाली बघत, “आकडं डोक्यात ऱ्हात न्हाईत.” गटाची वही पुढ्यात घेतली, तीनदा बेरीज केली, तीन वेगळी उत्तरं आली. तेव्हापासून त्यांनी वही उघडली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती विशालने बाहेर येऊन सांगितली. आई पहाटे घामाघूम होऊन उठते, कुणाला ओळखत नाही, “पांढऱ्या कपड्यातली माणसं मला बांधत्यात” म्हणून ओरडते. आजीचं म्हणणं, हे बाहेरचं आहे, देवरशाकडे न्यायला हवं. येत्या अमावास्येचा दिवसही ठरला होता.

त्या पहिल्या दिवशी मी काय केलं? एक सलाईन लावलं, त्यात व्हिटॅमिनचं पिवळं इंजेक्शन टाकलं. घरच्यांची तीच मागणी होती, बाहेर पंचवीस रुग्ण बसले होते आणि मलाही काहीतरी केल्यासारखं वाटलं. त्या सलाईनने स्नायूत धागाभरही वाढ होणार नव्हती, हे मला माहीत होतं. आयसीयूत पडून असलेल्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ दहा दिवसांत सुमारे १८ टक्के घटल्याचं अभ्यासात मोजलं गेलंय. बाटलीतल्या साखरेच्या पाण्याने ते परत येत नाही, आणि शुगरच्या रुग्णाला तर मुळीच नाही.

कोणते पर्याय समोर होते

दोन दिवसांनी संध्याकाळी घरी गेलो. आजी, आनंदराव, विशाल असे सगळे बसलो.

आनंदरावांना पुन्हा मिरजेला दाखल करायचं होतं : “अशक्तपणा कशाचा ते एकदा बघू द्यात.” यात चूक काही नव्हती, पण त्या क्षणी ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता, लघवी होत होती. दाखल करून जे निघालं असतं ते आम्हाला ठाऊकच होतं, आणि पुन्हा पलंगावर आठवडा म्हणजे उरलेली ताकदही गेली असती. दाखल असतानाचं बरंचसं बिल सरकारी योजनेतून सुटलं होतं, तरी वरच्या खर्चासाठी एक म्हैस विकली होती. तोही मुद्दा होताच.

विशालला त्यांना कराडला अश्विनीकडे ठेवायचं होतं. छाटणीत घरी दिवसभर कुणी नसायचं, म्हणून हा पर्याय मला बरा वाटत होता. सुमनताईंनीच मोडता घातला. लेकीच्या सासरी पडून राहणं त्यांना पटेना.

आजींचा देवरशी. मी त्याला थेट विरोध केला नाही. एवढंच म्हणालो, “आजी, अमावास्येला अजून आठवडा हाय. तवर मला रोज पहाटे साखर तपासू द्या.”

राहिला चौथा मार्ग : घरीच, आठवड्याच्या हिशोबाने, ताकद परत आणायची आणि धोक्याच्या खुणांवर लक्ष ठेवायचं. आम्ही तो निवडला. तो सगळ्यात स्वस्त होता म्हणून नव्हे, जरी तसा दिसत होता. यात रोज कुणाचा तरी वेळ जाणार होता आणि छाटणीत वेळ हीच महाग गोष्ट होती.

औषधांची पिशवी

सगळ्यात मोठा निर्णय व्यायामाचा असेल असं मला वाटलं होतं. तो निघाला पिशवीचा. मी म्हटलं, घरातली सगळी औषधं आणा. एक पिशवी नवी, मेडिकलची. दुसरी फळीवरच्या डब्यातून आली, जुनी.

डिस्चार्ज कार्डावर इन्सुलिन होतं आणि शुगरच्या जुन्या गोळ्या बंद केल्या होत्या. पण “बंद” हे कुणी बोलून सांगितलेलं नव्हतं. सुमनताई इन्सुलिनही घेत होत्या आणि सवयीने डब्यातली जुनी ग्लिमेपिराइडही. जेवण निम्मं, मूत्रपिंड अजून मंद, त्यामुळे गोळीचा परिणाम रेंगाळणारा. शिवाय इन्सुलिनचा डोस आजाराच्या भरातल्या वाढलेल्या शुगरवर ठरलेला. त्या रात्री विशालने साडेतीनला उठून ग्लुकोमीटर लावला. ५४.

घाम, ओळख न पटणं, बडबड यातला बराच भाग साखर उतरल्याचा होता. मिरजेच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून जुनी गोळी थांबवली, इन्सुलिन कमी केलं. आयसीयूत गोंधळलेपणासाठी सुरू झालेली झोपेची एक गोळी तशीच चालू राहिली होती, दिवसाची गुंगी तिच्यामुळेही होती. ती टप्प्याटप्प्याने बंद केली. चार दिवसांत पहाटेचे झटके थांबले. आजींनी अमावास्येला घरातच नारळ फोडला. देवरशाचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि मीही काढला नाही.

ताकद, खाणं आणि चौदा गड्यांचा स्वयंपाक

मोजायला साधी गोष्ट घेतली. खुर्चीवर हात छातीशी घेऊन बसायचं आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा उभं राहता येतं ते बघायचं. पहिल्या दिवशी तीन वेळा. मिरजेहून एक फिजिओथेरपिस्ट दोनदा येऊन गेल्या, पुढचं विशालने बघितलं. ओटीपासून गोठ्यापर्यंत चाळीस पावलं, दिवसातून चारदा. दर दोन-तीन दिवसांनी दहा पावलं वाढवायची. दम लागून वाक्य तुटायला लागलं की थांबायचं.

खाण्याचा घोळ वेगळाच होता. “किडनीला डाळ चालत नाही” असं शेजारच्या कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तीन आठवडे त्या भाताची पेज आणि भाकरीचा कुस्करा यावर होत्या. मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांना विचारलं. त्यांचं स्पष्ट म्हणणं पडलं की क्रिएटिनिन उतरतंय, आता प्रथिनं तोडायची वेळ नाही, दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास हवीत. सुमनताई माळकरी, अंड्याचा प्रश्नच नव्हता. मग दूध, दही, पनीर, मोडाची मटकी, घट्ट वरण, भाजलेले शेंगदाणे, थोडं-थोडं, सहा वेळा. घरचं दूध डेअरीला घालून चहापुरतं ठेवायची रीत होती. त्यातलं अर्धा लिटर काढून ठेवायला आनंदरावांना दोनदा सांगावं लागलं.

दहा-बारा दिवसांत फरक पडला आणि तिथेच आम्ही फसलो. एक दिवस बरं वाटलं म्हणून सुमनताईंनी छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावायला आलेल्या चौदा गड्यांचा स्वयंपाक केला. पुढचे तीन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. घरात दोन पक्ष पडले. आजी म्हणाल्या, आता हिला कामाला हातच लावू देऊ नका. आनंदराव म्हणाले, कामाशिवाय अंग सुटायचं कसं? दोघंही अर्धे बरोबर होते. मी कॅलेंडरवर रोजचं काम लिहायला सांगितलं : चांगल्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त नाही, वाईट दिवशीही शून्य नाही. सुमनताईंना हा नियम शिक्षेसारखा वाटायचा. त्या मला तसं म्हणाल्याही.

भाऊबीजेची रात्र

आता माझी चूक. डिस्चार्ज कार्डाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं : सहा आठवड्यांनी स्टेंट काढणे. कुटुंबाला आत नळी आहे हेच माहीत नव्हतं. “खड्याचं ऑपरेशन झालं” एवढंच त्यांना ठाऊक. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, दिवाळी झाल्यावर. मी बरं म्हणालो. त्यांच्यासमोर फोन करून तारीख घेतली नाही.

एक गोष्ट मात्र केली होती. एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं : हुडहुडी भरून ताप, लघवी कमी, बोलणं असंबद्ध, श्वास जोरात, हातपाय गार. यातलं एक जरी दिसलं तर गावात इंजेक्शन घ्यायचं नाही, थेट मिरज, रात्र असली तरी. कार्ड देव्हाऱ्याशेजारी लावलं होतं.

भाऊबीजेला रात्री नऊला हुडहुडी भरली. ताप १०२. अश्विनी माहेरी आली होती. आनंदरावांचं मत पडलं, क्रोसिन देऊ, सकाळी बघू, सणाची रात्र आहे, मोठे डॉक्टर भेटणार नाहीत. अश्विनीने फोन मला लावला. मी कार्ड वाचायला सांगितलं. ती म्हणाली, “वाचलं सर. दोन गोष्टी जुळत्यात. आम्ही निघालोय, तुम्ही तिकडं कळवा.” तिने विचारायला फोन केलाच नव्हता.

या वेळी रक्तदाब टिकून होता. लघवीत संसर्ग निघाला, सेप्सिसपर्यंत गेला नव्हता. पाच दिवस अँटिबायोटिक, मग संसर्ग ओसरल्यावर दुर्बिणीतून खडा काढला आणि काही दिवसांनी नळीही. सेप्सिसमधून वाचलेल्यांत पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा दाखल व्हावं लागणं फार सर्रास घडतं, आणि बऱ्याचदा कारण पुन्हा संसर्गच असतं. हे मला वाचून माहीत होतं. तरी तारीख घेतली नव्हती.

पांढऱ्या कपड्यातली माणसं

साखर सुधारली तरी स्वप्नं पूर्ण गेली नाहीत. दुसऱ्यांदा दाखल झाल्यावर ती परत वाढली. नळीचा आवाज, स्पिरिटचा वास आला की छाती धडधडायची.

काही देशांत आयसीयूतल्या नर्स रुग्णासाठी रोजनिशी लिहून ठेवतात, म्हणजे शुद्धीवर आल्यावर हरवलेले दिवस त्याला वाचता येतात. आमच्याकडे तशी रोजनिशी नव्हती. पण अश्विनी आणि विशालचे त्या सतरा दिवसांतले व्हॉट्सअॅप मेसेज होते, व्हॉइस नोट होत्या, काही तर रात्री दोनला पाठवलेल्या. ही कल्पना माझी नव्हे, अश्विनीची. तिने सगळं दोनशे पानी वहीत तारीखवार उतरवून काढलं. चौथ्या दिवसाच्या पानावर होतं : “आईने तोंडातली नळी ओढली म्हणून हात मऊ पट्टीने बांधलेत. सिस्टर म्हणाल्या, दर थोड्या वेळाने सोडून बघतो.”

वही वाचली त्या संध्याकाळी मी तिथे नव्हतो. विशालकडून कळलं, की सुमनताईंनी ते पान तीनदा वाचून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे ती नर्स हुती?” आनंदराव उठून गोठ्यात गेले ते बराच वेळ आले नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की ते सतरा दिवस त्यांनी बाहेरच्या बाकावर कसे काढले. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी दोघांनाही दिला. सुमनताईंनी दोनदा फोन केला. आनंदरावांनी केला नाही, पण दवाखान्यात येऊन “बी.पी. बघा” म्हणत अर्धा-अर्धा तास बसू लागले. मी बघत होतो.

वर्षभरानंतर

उभं राहण्याची मोजणी तीनवरून तिसऱ्या महिन्यात सातवर, सहाव्या महिन्यात अकरावर. तिथून पुढे फारशी हलली नाही. वजन ५८. सेप्सिसनंतर केस गळतात आणि मग परत येतात, तसे आले, आखूड आणि कुरळे. क्रिएटिनिन १.३ वर थांबलंय. तळपायाची बधिरता तशीच आहे, म्हणून अनवाणी बागेत जाणं बंद. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेतल्या.

आकडे पूर्ण परत आले नाहीत. गटाची वही तीन महिने शेजारच्या बाईंकडे दिली आणि सुमनताई फक्त शेजारी बसायच्या. आधी डेअरीच्या चिठ्ठ्यांची बेरीज, मग घरखर्च, मग गट. सहा महिन्यांनी बेरीज जमू लागली, पण तोंडी नाही, लिहूनच. त्यांनी सचिवपद स्वतःहून सोडलं. बायका नको म्हणत होत्या. बागेत डिपिंगला त्या आता जात नाहीत. बेदाणा निवडायला बसतात, दोन तास, मग उठतात.

सेप्सिसमधून वाचून घरी गेलेल्यांपैकी साधारण निम्मे सावरतात, एक तृतीयांश पुढच्या वर्षभरात दगावतात आणि सहावा हिस्सा मोठ्या कायमच्या अडचणी घेऊन जगतो, असा एक ढोबळ अंदाज परदेशी अभ्यासांवरून दिला जातो. सुमनताईंना कोणत्या गटात टाकायचं ते मला ठरवता येत नाही. त्या स्वतः “बारा आणं” म्हणतात.

पुन्हा करायचं झालं तर

घरी आल्यापासूनचे पहिले तीन आठवडे वाया गेले. त्या काळात त्या दुहेरी औषध घेत होत्या, उपाशी होत्या आणि झोपून होत्या. आता माझ्या गावातलं कुणी मिरजेला आयसीयूत गेलं की मी घरच्यांना सांगून ठेवतो, सुट्टी झाली की तीन दिवसांत दोन्ही पिशव्या घेऊन या, रुग्णाला आणू नका, मीच येतो.

स्टेंट असेल तर काढायची तारीख माझ्या दवाखान्याच्या कॅलेंडरवर जाते. त्यांच्या घरच्या नव्हे.

आकड्यांबद्दल मी पहिल्या भेटीतच विचारायला हवं होतं. त्यांनी सांगितलं म्हणून कळलं. सगळे सांगत नाहीत, कारण “डोक्यावर परिणाम झालाय” हे शब्द गावात कसे फिरतात ते सगळ्यांना माहीत असतं. आता मी महिन्याभराच्या भेटीत विचारतो : दुकानात सुट्टे पैसे मोजता येतात का, फोन नंबर आठवतो का, भाजीत मीठ दोनदा पडतं का.

फिजिओथेरपीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. दोन भेटींऐवजी दर आठवड्याला झाली असती तर अकराचे चौदा झाले असते का? कदाचित. आनंदरावांना तो खर्च झेपला नसता, हेही खरं.

येत्या जानेवारीत पुन्हा क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी आहे. तेव्हा माल काढणी सुरू असेल. अश्विनीने आत्ताच सांगून ठेवलंय, त्या दिवशी ती कराडहून येईल आणि आईला घेऊन जाईल.